सोयरिकीचं गणित आणि न आलेली गाडी

नोव्हेंबर लागला की आमच्या वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायला लागतात. सोयाबीन निघून गेलेलं असतं, कपाशी फुटलेली असते, वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन वेचणी सुरू झालेली असते आणि वेचायला माणूस मिळत नाही. घरचं वेचलं तर मजुरी वाचते, दुसऱ्याचं वेचलं तर किलोवर पैसे हातात येतात. हिशेब कसाही मांडा, तो शेवटी पोरापोरींच्याच अंगावर येतो. हिवाळी परीक्षाही नेमकी त्याच सुमारास. त्यात 75 टक्के हजेरीचा नियम. कपाशीला यातलं काहीच माहीत नसतं, ती फुटायच्या वेळी फुटते.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, एका कॉलेजात गणित शिकवतो. संख्याशास्त्राची जागा कैक वर्षं भरलीच नाही, म्हणून तो पेपरही माझ्याकडे. नदीपलीकडे तेलंगण. त्यामुळे वर्गात वऱ्हाडी असते, तांड्यावरून येणाऱ्या बंजाऱ्यांची गोरमाटी असते, गोंडी आणि कोलामी असते, दोनचार घरांतली तेलुगूही असते. पुस्तक इंग्रजीत. मी शिकवतो ती भाषा या सगळ्यांची खिचडी. वर्गात बसायची जागा कुणी ठरवून दिलेली नाही. तरी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात कोण कुठल्या बाकावर बसणार ते ठरून जातं आणि ते कुणी ठरवलं, हे विचारायची सोय नसते.

कॉलेजात 'संस्कृती' हा शब्द वर्षातून दोनदा ऐकू येतो. एकदा ट्रॅडिशनल डे असतो तेव्हा, फेटे आणि नऊवारी. दुसऱ्यांदा मूल्यांकन समिती येते तेव्हा. मग आदिवासी नृत्याचा गट शोधला जातो, पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, पोरांना ढोल आणायला सांगतात, पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं पुन्हा शेवटच्या बाकावर, तोंड बंद करून. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण ज्यांना स्टेजवर वाजवायला बोलावलं, त्यांना वर्गात बोलतं करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

'कल्चरली रिस्पॉन्सिव्ह टीचिंग' हे नाव मी एका रिफ्रेशर कोर्सात ऐकलं. ऑनलाइन होता, कॅमेरा बंद ठेवून अर्धे लोक जेवत होते. व्याख्यात्यांनी स्लाइड दाखवली: स्थानिक उदाहरणं द्या, सण साजरे करा, विविधतेचा आदर करा. मला वाटलं, एवढंच असेल तर ट्रॅडिशनल डे काय वाईट? नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं, प्रकरण बरंच तिखट आहे. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज नावाच्या अमेरिकी कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंनी 1995 साली 'कल्चरली रेलेव्हंट' या नावानं ही मांडणी केली. कृष्णवर्णीय मुलांना चांगलं शिकवणारे शिक्षक नेमकं काय करतात, हे त्यांनी वर्गात बसून पाहिलं होतं. त्यांच्या तीन अटी. एक, मुलाला विषय आला पाहिजे, त्यात सूट नाही. दोन, तो येताना मुलाला आपलं घर, आपली भाषा टाकून द्यावी लागू नये. तीन, जे शिकला त्याच्या जोरावर त्याला भोवतालच्या अन्यायाकडे बोट दाखवता आलं पाहिजे. आमच्या स्लाइडवर दुसरी अट अर्धीमुर्धी होती, पहिली गृहीत होती आणि तिसरी गायब. ती का गायब झाली असेल, हे सांगायला रिफ्रेशर कोर्स लागत नाही.

आता कापसाची गोष्ट.

सॅम्पलिंग शिकवत होतो. पुस्तकात बल्बच्या कारखान्याचं उदाहरण आहे: हजार बल्बमधून पन्नास काढले, किती खराब निघाले. माझ्या पोरांनी बल्बचा कारखाना पाहिलेला नाही, मीही नाही. मी विचारलं, "खरेदी केंद्रावर ग्रेडर काय करतो?" वर्गात एकदम चुळबुळ. एक पोरगा, वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नव्हता, बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, तो वरचा कापूस पायत नाई. हात घालते आतमंदी, कोपरापर्यंत. बंडी भरताना मानूस खाली कवडी अन् फरदड दाबते, वरून पैल्या वेच्याचा पांढरा शुभ्र ठेवते. ग्रेडरले ते ठाऊक रायते." मी म्हटलं, बरं, मग तो कुठे कुठे हात घालतो? आता तीनचार जण बोलायला लागले. मधे एकदा, कडेला एकदा, मागच्या फळीजवळ एकदा. कुणी म्हणालं, ओळखीचा असला तर एकाच ठिकाणी. कुणी म्हणालं, ट्रॉलीत थर जास्त असतात, बंडीत कमी. फळ्यावर बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चित्र काढलं, थर पाडले, आणि कुठल्या थरातून किती मूठ घ्यायची याच्यावर पंधरा मिनिटं वाद झाला. वाद संपला तेव्हा 'स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग' फळ्यावर तयार होतं. नाव तेवढं मी लिहिलं.

गंमत अशी, की इथवर आल्यावर शिक्षक म्हणून खूष होऊन थांबायचा मोह होतो. स्थानिक उदाहरण झालं, पोरं बोलली, टाळ्या. पण बंडी कळली म्हणजे सूत्र आलं असं होत नाही. प्रत्येक थराचं वजन वेगळं असेल तर सरासरी कशी काढायची, चूक किती राहते, हे कागदावर आलंच पाहिजे. त्यासाठी पुढचे दोन तास बैल सोडून आकड्यांशी झोंबावं लागलं, आणि त्या दोन तासांत निम्मे चेहरे पुन्हा विझले. हे कुठल्या स्लाइडवर सांगत नाहीत.

तिसऱ्या तासाला मात्र तोच पोरगा वहीत काहीतरी लिहून घेऊन आला. कापसात ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो. त्यावर 12 टक्क्यांपर्यंत जेवढे टक्के जास्त तेवढी कपात, आणि 12 च्या वर गेला की माल परत. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. म्हणजे 11 टक्के ओलावा निघाला तर 243 रुपये गेले. त्याच्या बापाचा कापूस एका केंद्रावर 12 च्या जरासा वर दाखवून परत पाठवला होता. दुसऱ्या दिवशी अंगणात उन्हात पसरून पुन्हा नेला, वाहतुकीचं भाडं दुप्पट. पोराचा प्रश्न असा होता: मीटर एकदाच लावलं. मीटरच एक टक्का इकडेतिकडे दाखवत असेल तर? तीन ठिकाणी लावून सरासरी काढली असती तर चूक कमी झाली असती का? आणि किती कमी?

मापनातली चूक एकमेकांपासून स्वतंत्र असेल तर तीन वाचनांच्या सरासरीत ती वर्गमूळ तीन पटीनं कमी होते. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. पण वर्गमुळाला 243 रुपयांची किंमत असलेली मी पहिल्यांदा पाहिली. लॅडसन-बिलिंग्ज बाईंची तिसरी अट आपल्या पायानं चालत वर्गात आली होती, कापसाचे धागे शर्टाला चिकटलेली.

त्याच तासानंतर एक पोरगी व्हरांड्यात थांबली. हुशार, पहिल्या बाकावरची, पोलीस भरतीची तयारी करणारी, पहाटे रस्त्यावर धावते म्हणून गावात बोलणी खाणारी. म्हणाली, "सर, राग येऊ देऊ नका. आम्ही कालेजात वावर इसराले येतो, अन् तुम्ही पुन्हा वावरातच नेऊन सोडता."

यावर पटकन उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, आणि तिलाही ते नकोच होतं. ती सांगून निघून गेली.

तिचं म्हणणं नवं नाही. आमच्यापासून फार लांब नाही ते वर्धा. तिथं 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि नई तालीम पुढे आली. झाकीर हुसेन समितीनं तिचा आराखडा केला. हातानं काम करत शिकायचं, टकळीवर सूत काढता काढता गणित, कापसातून भूगोल. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळेत त्या विचाराचं काम आजही चालतं आणि ते पाहण्यासारखं आहे. पण ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हातच राबले, त्यांना शाळेतही पुन्हा हातानं काम, हे ऐकायला कसं लागत असेल? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण कमिशनपुढे निवेदन दिलं, त्यातही खेड्यातल्या शाळांसाठी शेतीचं प्राथमिक ज्ञान, हिशेब, मोडी-बाळबोध वाचन असा व्यवहाराचा अभ्यासक्रम मागितला होता. पण त्याच निवेदनात त्यांचा मोठा सवाल वेगळा होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळतं, हे कसं? शेती शिकवा, पण कुणबटाला तेवढ्यावरच बोळवू नका, असा त्याचा रोख मला वाटतो. ती पोरगी हेच म्हणत होती, फक्त तिला निवेदन द्यायला कमिशन नव्हतं.

मी स्वतः मजुराच्या घरचा. वर्गात 'कुणाच्या घरी किती एकर' असा आकडा गोळा करायचा नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. एक सहकारी दरवर्षी हौसेनं तो सर्व्हे करतात, हात वर करायला लावून. स्थानिक आकडे, छान आलेख निघतो म्हणे. आलेखात शून्यावर उभी असलेली पोरं त्यांना दिसत नाहीत. 'ग्रामीण विद्यार्थी' म्हटलं की सगळ्यांना वावर, बैल आणि पोळा आहेच, असं गृहीत धरणं ही शहरी सवय. ती गावात राहूनही लागते.

अ‍ॅरिझोनातल्या टक्सन शहरात लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 च्या आसपास शिक्षकांनाच मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी पाठवलं होतं, शिकवायला नाही, शिकायला: या घरात कोण काय जाणतं, शेती, बांधकाम, औषधं, व्यापार. मला त्यातली एक गोष्ट आवडते. घरचं ज्ञान कुठलं, हे त्यांनी आधी ठरवलं नाही. जाऊन पाहिलं. आमच्या पोरांच्या घरी वावर आहे तसं बचत गटाचं व्याजही आहे, डीजेचं वायरिंग आहे, मोबाइलवरचा आयपीएलचा धावफलक आहे आणि भरतीच्या मैदानावरची स्टॉपवॉच आहे.

गणिताच्या पेपरात 'रिलेशन्स' नावाचं प्रकरण असतं. एखादं नातं रिफ्लेक्सिव्ह (प्रत्येकाचं स्वतःशीही), सिमेट्रिक (माझं तुझ्याशी तर तुझंही माझ्याशी) आणि ट्रान्झिटिव्ह (माझं तुझ्याशी, तुझं तिसऱ्याशी, तर माझं तिसऱ्याशीही) असलं की ते इक्विव्हॅलन्स रिलेशन, आणि मग सगळा संच एकमेकांत न मिसळणाऱ्या गटांत वाटला जातो. पुस्तकातलं उदाहरण: चारनं भागून सारखी बाकी उरणाऱ्या संख्या. पोरं पाठ करतात, पेपरात उतरवतात, जुलैत विसरतात. त्या दिवशीही तेच चाललं होतं. सारखी बाकी, शून्य, एक, दोन, तीन, चार गट. मागून एक गोंड पोरगा, स्वतःशीच बोलल्यासारखा: "हे त देवासारखं झालं." मी विचारलं, कसं? तो लाजला. मी पुढे गेलो. पाच मिनिटांनी त्यानंच हात वर केला.

गोंडांत देवांच्या संख्येवरून गट आहेत: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. सारख्या संख्येचे देव असलेली घरं आपसात भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. पोरगा म्हणाला, मी सहादेवा, तो सहादेवा, मग आम्ही भाऊ. तो अन् तिसरा भाऊ, तर मी अन् तिसराही भाऊच. ट्रान्झिटिव्ह झालं. गट चार, कुणी दोन गटांत नाही, कुणी बाहेर नाही. फळ्यावर बाकीच्या संख्यांचे गट होतेच, त्यांच्याच शेजारी मी देवांचे मांडले. मग मी विचारलं, आणि सोयरीक? ज्यांच्यात लग्न होऊ शकतं ते नातं? वर्ग विचारात पडला. उत्तर त्यानंच दिलं. "सर, सोयरिकीत ट्रान्झिटिव्ह नाई होत. सहादेव्याची सोयरीक सातदेव्यात. सातदेव्याची सोयरीक दुसऱ्या सहादेव्यात. पन दोन्ही सहादेवे त भाऊ." प्रतिउदाहरण. मला वीस वर्षांत याहून नेटकं प्रतिउदाहरण कुणी दिलेलं नाही, आणि त्यात बी.एस्सी.ला विद्यापीठात नंबरात आलेली पोरं धरून.

मग तांड्यावरचा एक म्हणाला, आमच्यातही राठोडाची राठोडात होत नाही. कुणब्याच्या पोरीनं देवक सांगितलं. प्रत्येकाच्या घरी कुणाशी लग्न करायचं नाही याचा नियम निघाला, आणि प्रत्येक नियमाला तीन कसोट्या लावून पाहणं सुरू झालं. काही नियम दुसऱ्याच कसोटीवर पडले. दोन गावांच्या रीतीत फरक निघाला, एकानं तिथंच आजीला फोन लावला. एरवी मोबाइल दिसला की मी ओरडतो.

या सगळ्यात एक कोलाम मुलगी काही बोलली नाही. वहीत गट मांडत होती, मांडणी बरोबर होती. तिला मी विचारलं नाही. 'तू कोलाम ना, तुमच्यात कसं असतं सांग बरं' हा प्रश्न वर्गात विचारायचा नाही, एवढं मी पाळतो. पोरगा आपणहून बोलला ती त्याची मर्जी. उभं करून बोलावणं म्हणजे पाहुण्यांसाठी ढोल आणायला सांगण्याचाच दुसरा प्रकार.

आणि मग तो प्रश्न आला. बौद्ध पोरगा, वाचणारा, शांत. "मग जात पन इक्विव्हॅलन्स रिलेशनच झाली ना, सर?" पंखा फिरत होता तेवढाच आवाज. मी म्हटलं, तपासून पाहू. मी माझ्या जातीचा, झालं. मी तुझ्या जातीचा तर तू माझ्या जातीचा, झालं. तिसरी कसोटीही झाली. कुणी बाहेर नाही, कुणी दोन गटांत नाही. "अन् आंतरजातीय लग्नाचं लेकरू?" कुणीतरी विचारलं. "दाखल्यावर बहुतेक बापाचीच लागते," दुसऱ्यानं उत्तर दिलं. तहसील कचेरीला प्रमेयाची किती काळजी आहे, हे तेव्हा कळलं. काही पोरं हसली, काही नाही.

पण इथं गणित म्हणून एक गोष्ट सांगणं भाग होतं. इक्विव्हॅलन्स रिलेशन गट पाडते, पण गट एकमेकांच्या शेजारी ठेवते. बाकी एक असलेला गट बाकी तीनच्या गटाखाली नसतो. जात तेवढ्यावर थांबत नाही, ती गटांची उतरंड लावते. डॉ. आंबेडकर ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती या प्रकरणात बसत नाही. त्यासाठी 'ऑर्डर रिलेशन' लागतं, ते पुढचं प्रकरण. त्या वर्षी पुढचं प्रकरण सुरू करायला मला 'आता सगळ्यांनी लक्ष द्या' असं म्हणावं लागलं नाही.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट पोचली तेव्हा दोन सल्ले आले. एक, याचं पोस्टर करा, बेस्ट प्रॅक्टिस म्हणून लावता येईल. दुसरा, जातीचं कशाला काढता, उगाच कुणी तक्रार केली तर. दोन्ही सल्ले एकाच माणसाचे होते.

आमच्याकडचे गाडगेबाबा, 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत, काढून घ्यायचे. आमच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मला वाटतं, आमच्या भागातल्या मास्तरानं अ‍ॅरिझोनाला जायच्या आधी वाटेत शेंडगावला थांबायला हरकत नाही. तिथं प्रश्न विचारणाऱ्याला लाज नव्हती आणि उत्तर देणाऱ्यालाही.

परीक्षेत अर्थातच बाकीच्या संख्यांचंच उदाहरण येतं, पोरं तेच लिहितात. पेपर कुठल्या गावी तपासायला जाईल ते माहीत नसतं, तपासणाऱ्याला देव समजतील का, हेही नाही. मीच त्यांना सांगतो, पेपरात पुस्तकातलं लिहा.

ती भरतीवाली पोरगी यंदा फील्ड प्रोजेक्टला माझ्याकडे आली. म्हणाली, "कापूस नको सर." विषय तिनं आणला होता: फाट्यावर येणारी सकाळची गाडी. वेळ किती, आली किती वाजता, उशीर किती मिनिटं. पळून परत येताना ती तशीही तिथं थांबायची, आता वही घेऊन थांबली. आकडे आले, सरासरी काढायला बसली आणि अडली. काही दिवस गाडी आलीच नव्हती. "न आलेल्या गाडीचा उशीर किती लिवू, सर?"

शून्य लिहिला तर गाडी वेळेवर आली असं होतं. दिवस सोडून दिला तर आगाराची बाजू सावरली जाते. सरासरी इथं कामाचीच नाही. मी म्हटलं, मध्यक काढ. न आलेली गाडी सगळ्यात शेवटी ठेव, तिचा उशीर किती ते माहीत नसलं तरी चालतं. निम्म्याहून जास्त दिवस गाडी आली असली म्हणजे मधला आकडा सापडतो. ती बोटावर मोजायला लागली. निम्म्याहून जास्त दिवस आली होती, थोडक्यात. आता ती आगारप्रमुखांच्या नावानं अर्ज लिहितेय, मध्यकासकट, आणि अर्जात 'मध्यक' लिहू की 'मीडियन', यावर आमचं अजून ठरायचं आहे. ती म्हणते 'मीडियन' लिहा, घाबरतील.